निरोप येऊन गेला असेल, तर?

गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आज पृथ्वीपासून अडीच हजार कोटी किलोमीटरांहूनही दूर आहे आणि दर सेकंदाला आणखी सतरा किलोमीटर पुढे जाते आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’नं ‘व्हॉयेजर-१’ हे यान अवकाशात सोडलं. त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. तिच्यात जगभरातलं संगीत आहे, ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि केसरबाईंचे साडेतीन मिनिटांचे सूर आहेत. यान सुटल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी बाईंचं निधन झालं. त्यांचा आवाज मात्र सूर्यमालेच्या वेशीबाहेर पडला.

हा आवाज कधी काळी कुणा परग्रहवासीयाच्या हाती लागलाच, तर त्यानं तो ऐकायचा कसा? तबकडी कोणत्या वेगानं फिरवायची? आपण म्हणू, एक फेरी ३.६ सेकंदांत. पण सेकंद हे माप आपलं, आपल्या पृथ्वीच्या गिरकीवरून ठरवलेलं. त्याच्या ग्रहावर दिवस वेगळा, घड्याळ वेगळं. वेग चुकला तर भैरवीची किंकाळी तरी होईल, नाहीतर घरघर.

शास्त्रज्ञांनी यावर सुंदर तोडगा काढला. तबकडीच्या वेष्टणावर त्यांनी हायड्रोजनच्या अणूचं चित्र कोरलं आणि त्या अणूत होणाऱ्या एका बारीकशा बदलाचा काळ हेच मोजमाप धरलं. विश्वात सर्वांत जास्त आढळणारं मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन. पुण्यातला हायड्रोजन आणि दुसऱ्या दीर्घिकेतला हायड्रोजन यांत तिळमात्र फरक नसतो. हे आपल्याला शिकवलं ते पुंजभौतिकीनं, म्हणजेच क्वांटम फिजिक्सनं. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध सुरू झाला तो याच शास्त्राचा हात धरून. आता हेच शास्त्र एक अवघड शंका विचारू लागलं आहे. त्यांचा निरोप आपल्या अंगणात येऊन गेला असेल आणि आपल्याला तो वाचताच आला नसेल, तर?

भोवऱ्याची कोलांटउडी

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा एक गुणधर्म असतो. (खरे भोवरे ते नव्हेत, पण कल्पना येण्यापुरतं चालेल.) दोन्ही भोवरे एकाच दिशेनं फिरत असले की अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, उलटसुलट असले की किंचित कमी. पुंजभौतिकीचा नियम असा, की या दोनच अवस्था शक्य आहेत, मधली अवस्था नाही. जिन्यावर माणूस या पायरीवर असतो किंवा त्या पायरीवर, दोन पायऱ्यांच्या मध्ये तरंगत नाही, तसंच हे. इलेक्ट्रॉनच्या भोवऱ्यानं कोलांटउडी मारली की उरलेली ऊर्जा रेडिओलहरीच्या रूपानं बाहेर पडते. या लहरीची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर आणि तिची कंपनं सेकंदाला सुमारे १४२ कोटी.

एकटादुकटा अणू अशी उडी मारायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षं घेतो! पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका अफाट पसरलेला आहे, की कुठला ना कुठला अणू सतत उडी मारतच असतो. अशी लहर आकाशातून येत असली पाहिजे, हे भाकीत १९४४ साली हॉलंडच्या हेंड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी केलं. १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात हॅरोल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष पकडली. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर भल्या मोठ्या कर्ण्यासारखा अँटेना बसवला होता. पाऊस आला की त्यातून पाणी आत यायचं आणि जाता-येता विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे फेकायचे, अशी आठवण युएन सांगत असत.

१९५९ साली ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. दूरच्या ताऱ्याभोवती कुणी शहाणी माणसं असतील आणि त्यांना हाक मारायची असेल, तर ती रेडिओच्या असंख्य स्टेशनांपैकी कोणतं स्टेशन निवडतील? अर्थातच हायड्रोजनचं. कारण खगोलशास्त्र जाणणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असणारच. पंढरीच्या वारीत चुकामूक झाली तर देवळाच्या महाद्वाराशी भेटायचं, हे जसं न सांगता ठरलेलं असतं, तशी ही विश्वाच्या जत्रेतली भेटीची जागा.

सहा दशकांचं मौन

लेख छापून वर्षही झालं नव्हतं, तोच एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवली. टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी हे ते तारे, दोन्ही आपल्यापासून दहा-बारा प्रकाशवर्षं अंतरावरचे. मध्येच एकदा जोरदार संदेश आल्यासारखं वाटलं, पण तो पृथ्वीवरचाच निघाला. बाकी सारी खरखर.

१५ ऑगस्ट १९७७ रोजी, म्हणजे दोन्ही व्हॉयेजर यानं सुटण्याच्या बेतात असताना, ओहायोतल्या ‘बिग इअर’ दुर्बिणीनं हायड्रोजनच्या स्टेशनाजवळच ७२ सेकंदांचा एक ठसठशीत संदेश टिपला. नोंदींचा कागद पाहणाऱ्या जेरी एमान यांनी समासात लाल शाईनं ‘वॉव!’ असं लिहिलं. त्याच नावानं तो प्रसिद्ध झाला. पुढे अनेकांनी त्या दिशेला कान लावले, पण तो पुन्हा ऐकू आला नाही.

याच हायड्रोजनचा माग काढणारी एक मोठी दुर्बीण आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या दिसतात. ही ‘जीएमआरटी’ १९९० च्या दशकात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिनं टिपलेल्या नोंदींतून २०२३ साली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत मिळाल्याचं जाहीर झालं. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे २१ सेंटिमीटरची ती लहर वाटेत ताणली जाऊन ४८ सेंटिमीटर झाली होती. अणूची एक कोलांटउडी एवढ्या लांबून ओळखता येते! पण ते निसर्गाचं बोलणं झालं. कुणी मुद्दाम मारलेली हाक अजून कुणालाच ऐकू आलेली नाही.

या शांततेचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न नुसता तत्त्वज्ञानाचा नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘नासा’नं परग्रहवासीयांच्या संदेशांचा मोठा शोध सरकारी खर्चानं सुरू केला. वर्षभरातच, ऑक्टोबर १९९३ मध्ये, अमेरिकी संसदेनं त्याचे पैसे बंद केले. पुढचं काम खासगी देणग्यांवर चाललं. ‘काही सापडत नाही, म्हणजे तिथे काही नाही’ असं मानलं की शोध थांबतो. ‘आपण नीट शोधलेलंच नाही’ असं मानलं की तो चालू राहतो. म्हणून शांतता कशामुळे आहे, हे तपासून पाहणं भाग आहे.

फोटॉनांची रांग

रेडिओऐवजी प्रकाशानं निरोप पाठवता येईल, हे १९६१ सालीच रॉबर्ट श्वार्ट्झ आणि चार्ल्स टाउन्स यांनी सुचवलं होतं. टाउन्स हे लेसरच्या जनकांपैकी एक. त्यांना १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. लेसरचा झोत दूरवर नेमका टाकता येतो. त्यामुळे क्षणभर चमकून जाणारे लेसरचे झोत आकाशात शोधण्याचे प्रयोगही झाले. हाती काही लागलं नाही.

इथे पुंजभौतिकी एक नवी गोष्ट सुचवते. प्रकाश म्हणजे फोटॉन नावाच्या कणांचा प्रवाह. या कणांची गणती कशी करायची, याचा नवा हिशेब १९२४ साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी मांडला आणि आइन्स्टाइननी तो उचलून धरला. त्या हिशेबातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. ताऱ्यासारख्या तप्त वस्तूतून निघालेले फोटॉन घोळक्यानं येतात, एस. टी. लागल्यावर प्रवासी दाराशी गर्दी करतात तसे. लेसरचे फोटॉन पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे येतात, कसाही क्रम नसलेले. आणि खास बनवलेल्या यंत्रातून फोटॉन एकामागोमाग एक असेही सोडता येतात, रेशनच्या दुकानातल्या रांगेसारखे.

फोटॉनांचा हा घोळका ताऱ्याच्या प्रकाशात मोजता येतो. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस यांनी जुन्या सर्चलाइटचे दोन आरसे वापरून व्याधाच्या ताऱ्याच्या बाबतीत ते करून दाखवलं. यांतले हॅनबरी ब्राउन आपल्याकडेच, निलगिरीतल्या अरुवनकाडूला जन्मलेले.

आता विचार करा. असंख्य अणूंच्या धगधगत्या गोळ्यातून शिस्तीत रांग लावलेला प्रकाश निघत नाही. एखाद्या ताऱ्याच्या दिशेनं तसा प्रकाश आला, तर त्यात काय लिहिलंय हे कळलं नाही तरी पाठवणारा कुणीतरी आहे, एवढं नक्की कळेल. लिपी वाचता आली नाही तरी दगडावरचं कोरीवकाम पावसानं झालेलं नाही, हे ओळखू येतं ना? मायकेल हिप्के या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं २०२१ मध्ये हेच सुचवलं. आजवरच्या सगळ्या शोधमोहिमांनी प्रकाशाच्या किंवा रेडिओलहरींच्या प्रमाणाकडे लक्ष दिलं, त्यांच्या पुंज-स्वभावाकडे दिलं नाही. म्हणजे असा निरोप येऊन गेला असता तरी आपल्या लक्षात आला नसता. आणि तो शोधायला लागणारी साधनं आज बाजारात मिळतात, असं त्याचं म्हणणं आहे.

जुळी नाणी

पुंजभौतिकीचं नाव निघालं की वाचकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, ‘एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या मदतीनं परग्रहवासीयांशी क्षणात बोलता येणार नाही का?’ कल्पना मोहक आहे. विज्ञानकथांनी ती खूप रंगवली आहे. पण उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

जुळी नाणी आहेत अशी कल्पना करा. एक तुमच्याकडे नागपुरात, दुसरं तुमच्या मावसबहिणीकडे कोलकात्यात. तुमचं नाणं छापा पडलं की तिचंही छापाच पडतं, काटा तर काटा. दोन नाण्यांत तार नाही, दोरी नाही. गुंतलेल्या फोटॉनांचं वागणं याहूनही विलक्षण असतं. उत्तर आधीपासून कणांच्या खिशात लिहून ठेवलेलं असतं, असं मानून त्याचा खुलासा होत नाही. अ‍ॅलें आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन झाइलिंगर यांनी प्रयोगांनी हे दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना २०२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण मेख अशी, की तुमचं नाणं छापा पडावं की काटा, हे तुमच्या हातात नाही. मग बहिणीला ‘गाडी चुकली’ असं कळवणार कसं? तिला आपलं नाणं कधी छापा, कधी काटा पडताना दिसेल, नेहमीसारखंच. दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या तरच त्यांतला मेळ कळेल आणि वही पोचायला टपाल लागतंच. विश्वातलं कोणतंही टपाल प्रकाशापेक्षा वेगानं जात नाही. तेव्हा ‘क्वांटम’चं नाव घेऊन कुणी विचारांनी परग्रहाशी बोलण्याची किंवा लांबून रोग बरा करण्याची हमी देत असेल, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

मग गुंतलेल्या कणांचा उपयोग काय? निरोप गुप्त राखायला आणि पुंज-संगणकांना एकमेकांशी जोडायला तो मोठा आहे. अशा फोटॉनांच्या जोड्या चीननं २०१७ मध्ये आपल्या ‘मिशियस’ उपग्रहावरून १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत पोचवल्या. आपल्या ‘इस्रो’नं २०२१ मध्ये अहमदाबादला फोटॉनांच्या साह्यानं गुप्त संपर्काचा प्रयोग खुल्या हवेतून ३०० मीटरवर यशस्वी केला. मग आपल्याहून हजारो वर्षं पुढे गेलेले कुणी असतील, तर तेही याच रीतीनं बोलत असतील, हा तर्क अगदीच हवेतला नाही.

शंभर किलोमीटरचा आरसा

एवढ्या नाजूक गोष्टी ताऱ्यांमधल्या अंतरात टिकतील का? पृथ्वीवर त्यांना हवेचा धक्काही सोसत नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या अर्जुन बेरेरा यांनी २०२० मध्ये याचा हिशेब केला. ताऱ्यांमधलं अवकाश इतकं रिकामं आहे, की योग्य तरंगलांबीचे फोटॉन, विशेषतः क्ष-किरणांचे, आपला पुंज-स्वभाव न गमावता प्रचंड अंतर कापू शकतील, असं उत्तर निघालं. म्हणजे वाट मोकळी आहे.

पण २०२४ मध्ये लेथम बॉयल या शास्त्रज्ञानं दुसऱ्या बाजूनं आकडे मांडले. आकाशवाणीचा कार्यक्रम ट्रान्झिस्टरवर लागतो, तेव्हा बहुतेक सगळ्या लहरी इकडेतिकडे वाया गेलेल्या असतात. तरी चालतं, कारण सगळीकडे तोच कार्यक्रम पसरलेला असतो. पुंज-निरोपाचं तसं नाही. त्याची नक्कल काढता येत नाही, हा निसर्गनियम आहे. तो रजिस्टर पार्सलासारखा. एकच प्रत, एकाच हाती. वाटेत निम्म्याहून अधिक फोटॉन निसटले की निरोपच बुडाला. प्रकाशाचा झोत कितीही नेमका असला तरी अंतराबरोबर पसरतो. तो बहुतांश पकडायचा तर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दुर्बीण अवाढव्य हवी. आपल्या सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांवर आहे. तिथून येणाऱ्या निरोपासाठीसुद्धा बॉयलच्या हिशेबानं आरसा शंभर किलोमीटरांहून मोठा हवा. चिलीमध्ये उभारल्या जात असलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकाशीय दुर्बिणीचा आरसा ३९ मीटरचा आहे. शंभर किलोमीटर म्हणजे जवळपास मुंबईहून लोणावळ्यापर्यंत!

यातून बॉयल एक मजेदार निष्कर्ष काढतो. ज्यांच्याकडे एवढी मोठी दुर्बीण असेल, त्यांना तिच्यातून आपली पृथ्वी बारकाईनं दिसेल आणि आपल्याकडे तसली दुर्बीण नाही हेही दिसेल. ज्या घराला पत्रपेटीच नाही, तिथे पोस्टमन पत्र कशाला टाकेल? आकाश शांत असण्याचं एक कारण हेही असू शकेल.

मग काय मानायचं?

इथे जरा थांबलं पाहिजे. ‘ते आहेत, पण आपण लायक नाही म्हणून बोलत नाहीत’ हे वाक्य ऐकायला छान असलं तरी त्यात धोका आहे. कितीही शांतता असली तरी ते खोटं ठरत नाही, आणि जे कधीच खोटं ठरू शकत नाही त्याला विज्ञानात फारसा भाव नाही. शिवाय प्रगत लोक साधा रेडिओ वापरणारच नाहीत, असं थोडंच आहे? आपल्याकडे मोबाइल आला, तरी देवळातली घंटा वाजतेच. नवख्या शेजाऱ्याला हाक मारायची तर सोपी भाषाच वापरावी लागते. हायड्रोजनच्या स्टेशनाची निवड याच समजुतीवर झाली होती आणि ती अजूनही शहाणपणाचीच आहे.

म्हणून यांतली तपासून पाहता येणारी कल्पना कोणती, ते निवडायचं. फोटॉनांची रांग शोधणं आज शक्य आहे. सापडली तर इतिहास घडेल, नाही सापडली तर निदान एक कोपरा झाडून झाला असं म्हणता येईल. शंभर किलोमीटरचा आरसा आज शक्य नाही. ती पुढच्या पिढ्यांची गोष्ट. आणि आजवर झाडलेले कोपरे किती आहेत, याचा अंदाजही घेतला गेला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. पृथ्वीवरचे सारे समुद्र म्हणजे शोधायचा एकूण प्रदेश मानला, तर आजपर्यंत आपण त्यातलं सुमारे ७,७०० लिटर पाणी तपासलं आहे. एका टँकरभर पाण्यात मासा दिसला नाही, म्हणून समुद्रात मासे नाहीत असं कुणी कोळी म्हणणार नाही. मासे आहेतच, अशी शपथही तो त्यावरून घेणार नाही.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे, ते म्हणजे ऐकण्याची जागा शांत ठेवणं. आपले मोबाइल, आपली वाहनं, आपल्या विजेच्या तारा, आपले उपग्रह या सगळ्यांचा रेडिओ-गोंगाट दुर्बिणींच्या कानात घुमतो. पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाच्या आखणीत खोडदच्या दुर्बिणीचा प्रश्न आडवा आला तो त्याचमुळे. रेल्वे हवी हे खरंच. तिच्या वाटेवरच्या गावांची निकड कुणी नाकारणार नाही. पण ८८० कोटी वर्षांची वाट चालून आलेली कुजबुज ऐकणारा कान आपल्या तालुक्यात आहे, हेही त्या हिशेबात धरायला हवं.

थंडीच्या दिवसांत रात्री अंगणात किंवा गच्चीवर गेलात, तर मृग नक्षत्राच्या पश्चिमेला पाहा. गावाकडच्या काळोख्या आकाशात एप्सिलॉन एरिडानी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, मंद आणि साधा. माणसानं ज्यांना पहिल्यांदा कान लावला, त्या दोन ताऱ्यांपैकी हा एक. तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा फोटॉन तिथून साडेदहा वर्षांपूर्वी निघालेला असतो. तो एकटा आला की घोळक्यानं, हे डोळ्यांना कळत नाही. ते सांगणारं यंत्र मात्र आता माणसाच्या हाती आलं आहे.